गाद्यांखाली गेलेला आवाज

रविवार, १ जून

भाऊजी आज रेकॉर्डरचा डबा घेऊन आले. चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांत, तान्हं मूल आणावं तसा. जिना चढून धाप लागली होती, तरी माझ्या हातात द्यायला तयार होईनात. नवऱ्याने टेबल रिकामं केलं तेव्हा कुठे त्यांनी तो ठेवला आणि वरची नसलेली धूळ हाताने पुसली.

सगळी हकीकत थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा पराक्रम वाचताना अडचण नको. ताईच्या घशाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. स्वरयंत्रच काढणार. त्यानंतर ती बोलणार ती मशीनमधून. मशीनचे आवाज आपल्याला माहीतच आहेत, लिफ्टमधून मजला सांगणाऱ्या बाईसारखे. पण वाचा-उपचार करणाऱ्या ज्या बाई आहेत, त्या म्हणतात की ताईचं जुनं, स्वच्छ बोलणं मिळालं तर मशीनला तिचाच आवाज देता येईल. (या बाईंना मी इथे आवाजबाई म्हणणार आहे. तोंडावर म्हणणार नाही.)

जुनं बोलणं आहे. ताई टीव्हीवर दुपारी लोकांच्या कुंड्यांचे प्रश्न सोडवायची, सोमवार ते शुक्रवार. पानं पिवळी का पडतात, पाणी का साचतं. लोक तिला कुंडीताईच म्हणायचे. घसा बसत गेला तसा कार्यक्रम बंद पडला. वाहिनीने स्वतःकडे एकही भाग ठेवलेला नाही. ठेवले ते भाऊजींनी, रोज न चुकता, या डब्यात. डबा काठोकाठ भरलाय.

अडचण एवढीच की हा डबा टीव्हीखेरीज कोणाशी बोलत नाही. त्यातलं कॉम्प्युटरवर उतरवायचं, चालेल अशा रूपात आणायचं आणि नको ते कापायचं, हे आमच्या घराण्यात एकटी मी करू शकते. मिक्सर, धुलाईयंत्रं, पंखे यांच्या माहितीपुस्तिका लिहून मी पोट भरते, त्यामुळे यंत्रांमधलं मला सगळं कळतं असा घरात समज आहे. तो समज मीच पसरवलाय.

"जमेल ना गं छोटे?" भाऊजी म्हणाले. पन्नाशी उलटली तरी त्या घरात मी छोटीच.

चार दिवसांचं काम, मी म्हटलं.


मंगळवार, ३ जून

डबा जोडला. वाहिन्या येतात त्या केबलच्या छिद्रावर भाऊजींनी चिकटपट्टी लावून ठेवली होती, एकावर एक तीन थर. धूळ जाऊ नये म्हणून असणार. रिमोटलाही ते प्लॅस्टिकची पिशवी घालतात. नखाने खरवडून काढली, कारण केबल लावल्याशिवाय डब्याचं घड्याळ लागत नव्हतं आणि घड्याळ लागल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

केबल लावल्यावर पडद्यावर एक लांबलचक सूचना आली. जागा, जुने कार्यक्रम, असं काहीतरी. 'ठीक आहे' दाबलं. अशा सूचना मी स्वतः लिहिते. त्या कोणी वाचत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मग एक भाग पेन ड्राइव्हवर घेतला. कॉम्प्युटरने फाइलकडे पाहिलं आणि हे काय आहे ते आपल्याला कळत नाही असं कळवलं. नवरा मागे उभा राहून म्हणाला, आधी सगळं उतरवून घे, मग काय खेळायचं ते खेळ. ज्यांना यातलं कळत नाही त्यांना घाईच असते.


शनिवार, ७ जून

जमलं.

डबा एकेका भागाचे तुकडे करून ठेवतो, आणि त्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा. तुकडे जोडायचे, दोन्ही एकत्र बांधायचे, मग कॉम्प्युटर त्यांना ओळख दाखवतो. एवढं करून पहिला भाग लावला तर जाहिरात कापलेल्या जागेपासून ताईचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. ताईचं तोंड बंद झालंय आणि खोलीत "मुळं कुजतात" असं ऐकू येतंय. नवरा म्हणाला, तुझ्या बहिणीचा शेवटचा शब्द असतो म्हणतात तो हाच. दोन दिवस त्या मागे पडणाऱ्या आवाजाच्या पाठीमागे होते. आज दोघं एकत्र चालायला लागले. उठून स्वतःसाठी चहा केला, जरा जास्तच साखर घालून.

आवाजबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मला चित्र नकोच आहे, फक्त आवाज काढून पाठवलात तरी पुरे, जोडाजोडी करत बसू नका. हो म्हटलं. पण चित्राशिवाय ताई म्हणजे काय? हिरवा एप्रन, हातात खुरपं, आणि मधेच कॅमेऱ्याला दटावणारी ती नजर. सुरुवातीला तिचं नाव पानापानातून उमलत येईल असं काहीतरी करणार आहे. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांना बसवून दाखवीन. बघू तेव्हा छोटी कोणाला म्हणतात.


गुरुवार, १२ जून

नाव उमलण्यात पाच दिवस गेले. आधी पानं पिवळी येत होती, आणि या कार्यक्रमाला ते बरं दिसत नव्हतं.

डब्याच्या यादीत आज एक गंमत दिसली. सगळ्यात वर गाद्यांचा एक कार्यक्रम. एक बाई गादीवर उड्या मारते आणि एक बुवा शेजारच्या गादीवर पाण्याचा पेला ठेवून तो सांडत नाही हे दाखवतो. त्याच्याखाली दुसरा, तोही गाद्यांचाच. आमचे भाऊजी, ज्यांनी आयुष्यात टीव्हीवर बायकोशिवाय काही पाहिलं नाही असा आमचा समज, ते गुपचूप गाद्या बघतात. नवऱ्याला सांगून खूप हसले. तो हसला नाही. म्हणाला, भाऊजी खाली सतरंजीवर झोपतात.

दुपारी डब्यावरचा लाल दिवा लागतो, आतून घरघर येते. जुनं यंत्र आहे, त्यालाही वामकुक्षी लागत असेल.


बुधवार, १८ जून

ताई आणि भाऊजी आले होते. तयार झालेला भाग दाखवला. ताईचं नाव उमललं तेव्हा भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. ताई गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बघत होती. आता तिचा आवाज म्हणजे वाळूवरून सूप ओढल्यासारखा. एक वाक्य बोलून थांबते.

हा भाग कार्यक्रम बंद पडण्याच्या सुमाराचा होता. त्यातही आवाज बसलेलाच. ताईने विचारलं, पहिले कधी बघायचे? भाऊजींनी डबा घेतला तेव्हाचे, दोन-तीन आठवड्यांचेच असतील, घसा चांगला होता तेव्हाचे.

मी म्हटलं, यादीत नवे वर असतात, जुने तळाला; मी वरून खाली येतेय. ओळीने.

"मला एकदा ऐकायचाय गं," ती म्हणाली. "मीच विसरलेय."

म्हटलं, सगळ्यात चांगलं शेवटी ठेवलंय. हे मी बोलले. जसं काही जेवणातलं गोड होतं.


सोमवार, २३ जून

सकाळी आवाजबाईंचा फोन. पाठवलेले नमुने कामाचे नाहीत. आवाज आधीच फाटलेला आहे, मशीन तो फाटका आवाजच उचलेल. घसा धरायच्या आधीचं जे असेल ते आजच्या आज पाठवा, चित्र, नावं काही नको. त्या 'नावं' म्हणाल्या तेव्हा थोडं थांबल्या. पानं त्यांनीही पाहिली असणार.

यादी उघडली आणि खाली गेले. खाली, अजून खाली, तळाला. तळाला जो भाग होता त्यात ताईचा घसा बसलेला होता. त्याच्याखाली काही नव्हतं.

मग वर गेले. वर गाद्या. रोजची एक. मी केबल लावली त्या दुपारपासून.

भाऊजींनी डब्याला कधीकाळी सांगून ठेवलं होतं की रोज दुपारी तीनला अमुक वाहिनी टिपून ठेव. डबा इमानदार. केबल दिसली, कामाला लागला. त्या वेळेला आता गाद्या विकतात. डबा भरलेला, तेव्हा नवं ठेवायला जुन्यातलं जुनं काढून टाकायचं, हे त्याने मला पहिल्याच दिवशी लिहून विचारलं होतं. मी 'ठीक आहे' म्हटलं होतं.

चिकटपट्टी धुळीसाठी नव्हती.

केबल उपटून काढली. तीन वाजायला अजून वेळ होता. आजची एक गादी तेवढी टळली.


मंगळवार, २४ जून

बाजारात एक दुरुस्तीवाला आहे, हार्ड डिस्कवरून पुसलेलं परत काढून देतो. डबा चादरीत गुंडाळून नेला. मलाही तो दोन्ही हातांत धरावासा वाटला, आता.

त्याने दिवसभर ठेवून घेतला. संध्याकाळी म्हणाला, पुसलेलं निघतं हो बाई, पण त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की नाही निघत. इथे वर गाद्या बसल्यात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "कसं झालं असेल हो हे?" मला, यंत्रांच्या पुस्तिका लिहिणाऱ्या बाईला, त्याने अगदी सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. मी मान डोलावत ऐकून घेतलं.


शुक्रवार, २७ जून

हे लिहायचं नव्हतं. पण न लिहिता डायरी मिटली तर तेही लपवण्यातच जमा होईल.

काल भाऊजींना फोन केला. तयारी केली होती. 'भाऊजी, माझ्याकडून एक चूक झाली' इथून सुरुवात करायची असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडून आलं ते असं: भाऊजी, डब्यातले पहिले भाग नाहीयेत.

एवढंच. कोणी केलं, ते वाक्यात नव्हतं. कर्ता गाळून वाक्य लिहिणं हा तर माझा धंदाच. 'यंत्र जळाल्यास.' 'झाकण निसटल्यास.'

मग ते म्हणाले, "रोजची वेळ लावलेली असणार. ती मी काढली नाही. पट्टी लावली आणि तुला सांगितलंच नाही का लावलीये ते." वर म्हणाले, "माझंच चुकलं गं छोटे. तू एवढी मेहनत घेतलीस."

तिथे मला बोलायला जागा होती. चांगली ऐसपैस होती. मी म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आज तेच वाक्य दिवसभर कानात आहे. मनाला लावून घेऊ नका. ज्याचं घर जळलं त्याला काडी लावणाऱ्याने धीर द्यावा तसं.

नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, मग आता काय, भाऊजींना माफ करणार आहेस?


सोमवार, ३० जून

आवाजबाईंनी मार्ग काढलाय. ऑपरेशनला आठवडा आहे. आहे त्या आवाजात ताईकडून बोलून घ्यायचं, शक्य तितकं. त्यांनी वाक्यं पाठवलीत: खिडकी उघड. मला थंडी वाजतेय. डॉक्टर कधी येणार. म्हणाल्या, वाचून दाखवतात तेव्हा माणसं मेल्यासारखी बोलतात, जमलं तर गप्पांमध्ये बोलतं करा.

ध्वनिमुद्रण मी करणार. भाऊजींनीच सुचवलं. म्हणाले, यातलं कळणारं आपल्याकडे दुसरं कोण आहे?


बुधवार, २ जुलै

ताईच्या घरी गेले होते. मागच्या खोलीत, जिथे जास्तीच्या रजया असतात, तिथे रजया दारावर आणि खिडकीवर टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. ताई स्टुलावर, माइक समोर, मी खाली लॅपटॉप घेऊन. भाऊजी स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज येऊ नये म्हणून ते चमचासुद्धा कापडावर ठेवत होते.

ताई वाचत होती. खिडकी उघड. मला थंडी वाजतेय. एकेका वाक्यानंतर पाण्याचा घोट. आवाज असा की काही शब्दांना नुसता वाराच. आवाजबाई म्हणाल्या होत्या तशीच मेल्यासारखी वाचत होती. मी पडद्यावरच्या रेघा बघत होते. बोलणाऱ्या माणसाच्या रेघा उभ्या राहतात; तिच्या आडव्याच पडलेल्या.

मधेच ती थांबली. म्हणाली, हा माणूस मला रोज सकाळी चहा देताना माफी मागतो. मी सांगून थकले की यंत्र आहे, जाऊ दे. रात्री उठून बसतो. मला ऑपरेशनचं काही वाटत नाहीये इतकं त्याचं वाटतंय. तू तरी सांग त्याला.

मी लॅपटॉपकडे बघत म्हटलं, "ताई, त्यांनी पट्टी लावली होती. मी ती काढली. डब्याने विचारलं पण होतं, मी वाचलं नाही. आणि ते स्वतःवर घेत होते तेव्हा मी गप्प बसले."

वर बघितलं नाही. रेघ सपाट होती. मग रेघ उभी राहिली.

"गप्प बसलीस," ताई म्हणाली. "आठवडा झाला. आठवडाभर तो माणूस या घरात पाय न वाजवता चालतोय. आणि तू फोनवर त्याला विचारतेस, भाऊजी, जेवलात का?"

मी काहीतरी म्हणाले. काय ते ध्वनिमुद्रणात आहे, मी परत ऐकणार नाही.

"माझा आवाज जाणारच होता. तो गेला तर गेला. तुझ्याकडून झालं, मशीन आहे, होतं. पण तो साधा आहे, तो घेईल अंगावर, हे तुला माहीत होतं, छोटे. तू हिशेबाने गप्प बसलीस. लहानपणापासून तुझं हेच, काम करताना सगळ्यांना बोलावून दाखवायचं आणि मोडलं की तोंड शिवायचं. पानं काय उमलवतेस? फक्त आवाज काढून दे म्हणाल्या होत्या ना त्या? मला ऐकायचाय म्हटलं होतं ना मी?"

इतकं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. आवाज फाटकाच होता पण तुटत नव्हता. कुठून बळ आलं कोण जाणे. मला ध्वनिमुद्रण बंद करायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिच्यादेखत हात पुढे करायची छाती नव्हती.

मग तिने पेला उचलला. पाणी प्यायली. "आता ऊठ," म्हणाली, "आणि त्याला सांग. जसं मला सांगितलंस तसंच. मी इथे आहे."

गेले. भाऊजी ओट्याशी उभे होते. सांगितलं, कर्त्यासकट. त्यांनी दुधाखालचा गॅस बारीक केला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मला जायला एक दार मिळालं असतं.

"ती पाणी प्यायली का?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं. ते पेला घेऊन आत गेले. मी ओट्याशी दुधावर लक्ष ठेवून उभी राहिले. तेवढं तरी उतू जाऊ दिलं नाही.


शुक्रवार, ४ जुलै

सगळं आवाजबाईंकडे पाठवलं. न कापता. ताईचं ते रागावणं कापून काढावं असं मनात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. कर्सर तिथे नेला होता, अलीकडची कड धरली होती, पलीकडचीही. कापायला मला किती सोपं आहे. मग नुसतंच पाठवलं, चित्र नाही, नाव नाही.


मंगळवार, ८ जुलै

ऑपरेशन झालं. बरं झालं म्हणतात. दवाखान्यात भाऊजींच्या शेजारी तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी एक सोडून बसले. दुपारी त्यांनी त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली. मी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.


बुधवार, ६ ऑगस्ट

आज ताईचं मशीन आलं. पाटीएवढा पडदा, त्यावर टाईप करायचं, तो बोलतो. आवाजबाई स्वतः शिकवायला आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्ही पाठवलेल्यातली वाचलेली वाक्यं काही उपयोगाची नव्हती. पण मधे एक भाग आहे, त्या रागावल्यात तो. सगळा आवाज तिथेच आहे. त्यावरूनच बनवलं. मी त्यांना आधी विचारलं बरं का, चालेल का म्हणून. त्या हो म्हणाल्या.

ताईने हो म्हटलं म्हणजे मान हलवली असणार. मला शिक्षा म्हणून, दुसरं काय.

आणि मग तो आवाज खोलीत आला. लिफ्टमधल्या बाईचा नव्हे, ताईचाच, थोडा घासलेला. पहिलं वाक्य होतं 'खिडकी उघड'. भाऊजी उठलेच, अक्षरशः धावत गेले आणि खिडकी उघडून तिथेच गजाला धरून उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून. म्हणाले, हीच, अगदी हीच. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, काय हो धार आहे आवाजाला, टीव्हीवर किती गोड बोलायचात. ताई खांदे उडवून हसली. आता हसण्याला आवाज नसतो.

फक्त मला कळत होतं की खिडकी उघड हे त्याच सुरात आहे ज्यात 'हिशेबाने गप्प बसलीस' होतं. डॉक्टर कधी येणार, त्याच सुरात. मला थंडी वाजतेय, त्याच सुरात. ती नातवाला लाडाने हाक मारील ती याच सुरात मारील. एका दुपारचा माझ्यावरचा राग आता या घरात दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांशी बोलणार, आणि सगळे म्हणणार, आमची कुंडीताई पहिल्यापासून अशीच करडी.

सगळे गेल्यावर मी पर्स उचलली. ताईने हाताने थांबवलं आणि टाईप करायला लागली. एकेक अक्षर शोधत, जीभ किंचित बाहेर काढून, शाळेत असताना काढायची तशी. मी दारात उभी. शेवटचं बटण दाबलं.

"छोटे, जेवलीस का?" मशीन कडाडलं.

पाठ आपोआप ताठ झाली. सवयीने 'हो' म्हणणार होते; उशीर झाला होता, नवरा वाट बघत होता, आणि तिला आता कशाला उठवायचं. त्या आवाजाला खोटं सांगवेना.

"नाही," म्हटलं.